न दिलेला दाखला

डॉक्टर,

तुम्हाला जाऊन साठ दिवस झाले. त्यातले पहिले पंधरा मी रडलो. पुढचे पंचेचाळीस मी तुमच्यावर चिडलेलो आहे, आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही. तुम्ही होतात तोवर मी तुमच्यासमोर कधी आवाज चढवला नाही. अठरा वर्षं पडद्यामागं उभा राहून 'व्हय डॉक्टर' एवढंच म्हणत आलो. आता तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही, तेव्हा सगळं ऐकून घ्या.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. शिराळ्यात उलटं झालं. वैद्य गेला आणि गरज तशीच राहिली. तुमचं दिवसकार्य चालू होतं तेव्हाही माणसं दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसत होती. कुलूप दिसत असून बसत होती. मला बघितलं की म्हणायची, "बिरूअण्णा, डॉक्टर न्हाईत त्ये ठावं हाय. पर तू हाईस की. आमचं दोन नंबर दे की." मी सांगायचो, मला देता येत नाही. ती म्हणायची, "आन् इतकी वरसं कोन देत हुतं रं?"

देत होतो मीच. तुम्ही आत नाडी बघायचात, पोट दाबायचात आणि पडद्याकडं तोंड करून म्हणायचात, "बिरू, दोन आणि पाच. रात्रीला अर्धा." मी बाटली भरायचो, कागदाची पट्टी खाचा पाडून बाटलीला चिकटवायचो, एक खाच म्हणजे एक डोस हे पेशंटला समजावून सांगायचो. दोन नंबर म्हणजे काय, पाचात किती घालायचं, हे जगात दोघांनाच माहीत. एक तुम्ही, एक मी. पुस्तकात नाही, भिंतीवर नाही. तुम्ही कधी केसपेपर केला नाही. मी म्हटलं होतं, एक वही घालतो, नाव आणि औषध लिहून ठेवतो. तुम्ही हसलात. "कागद वाचून नाडी कळत असती तर पोस्टमन डॉक्टर झाला असता रे." पायरीवरची सगळी माणसं हसली. मीही हसलो. हसण्यासारखंच बोलायचात तुम्ही.

पण त्या हसण्यात एक गोष्ट वाहून गेली, ती मला फार उशिरा कळली. जिथं पेशंटचा कागद नव्हता, तिथं माझाही नव्हता. माझा पगार तुम्ही खणातून काढून हातावर ठेवायचात. मी कधी लागलो, काय काम करतो, मला काय येतं, याचा एका ओळीचा पुरावा त्या दवाखान्यात नव्हता. उद्या कुणी म्हणालं असतं की हा बिरू इथं झाडू मारायला होता, तर मी काय दाखवणार होतो?

तुमचे उपकार मी विसरलेलो नाही. विसरता आले असते तर राग तरी सोपा झाला असता. माझा बाप माण तालुक्यातला मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरायचा. त्या वर्षी पायात काटा मोडला, पाय सडत आला, आणि मेंढरं शिराळ्याच्या माळावर बसवून मी त्याला पाठुंगळी मारून तुमच्याकडं आणला. तुम्ही अकरा दिवस त्याचा पाय धुतलात. स्वतःच्या हातानं. पाय वाचला. जाताना बाप तुमच्या पाया पडायला वाकला, तर तुम्ही त्याला धरलंत आणि माझ्याकडं बोट केलंत. "ह्यो शिकलाय का?"

"म्याट्रिक झालाय. पर नोकरी कुटं हाय?"

"मग ठेव की हितंच."

बापानं मला ठेवलं आणि मेंढरं पुढं गेली. मी बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली. इंजेक्शनच्या सुया उकळायला, जखम बांधायला, औषधं जोखायला तुम्हीच शिकवलंत. माझ्या हातून औषध सांडलं तर ओरडला नाहीत, नुसते थांबलात. बहात्तरच्या दुष्काळात माणात प्यायला पाणी राहिलं नाही, भाऊ मुंबईला गेला, तेव्हा माझ्या आईला तुम्ही दवाखान्यामागची खोली दिलीत. तिला रोज सकाळी "काय म्हातारे, मेली न्हाईस अजून?" म्हणून विचारायचात आणि ती खूश व्हायची. असा माणूस होतात तुम्ही. म्हणून तर गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

आता दाखल्याचं.

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी सांगलीहून औषध कंपनीचा माणूस आला होता, तोच ज्याची तुम्ही टाय ओढायचात. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की सरकारचा नियम निघालाय. दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या कंपाउंडरांना नाव नोंदवता येईल. शिक्षणाची अट नाही. डॉक्टरच्या सहीशिक्क्याचा अनुभवाचा दाखला पाहिजे, बस्स. श्रावण संपायच्या आत अर्ज द्यायचा. एकदा नाव लागलं की स्वतःचं औषधाचं दुकान काढता येतं. त्यानंच मला छापील फॉर्म आणून दिला.

त्या रात्री मी आईला सांगितलं. ती उठून बसली. "दहिवडीला काडायचं का दुकान?" म्हणाली. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "दहिवडीस्नं आपलं घर चालत तासभर. म्या रोज भाकरी घिऊन यीन." शिराळ्यात तिला काही कमी नव्हतं डॉक्टर. पाणी होतं, हिरवं होतं, तुम्ही होतात. पण तिला तिचा उघडा माळ पाहिजे होता. इथं डोंगर अंगावर येतो म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही वाचलात, चष्मा काढलात, म्हणालात, "बरंय. बघू."

आठ दिवसांनी मी आठवण केली. "आवं डॉक्टर, त्यो फॉर्म ऱ्हायलाय."

"पंचमी होऊ दे."

नागपंचमीला तुम्ही तीन दिवस गाव सोडत नव्हतात. सगळा गाव जिवंत नागांच्या जत्रेत असायचा आणि आपण दोघं सर्पदंशाच्या लशीच्या बाटल्या मांडून बसायचो. गंमत म्हणजे जत्रेतून कधी कुणी यायचं नाही, यायचं ते शेतातून. त्या वर्षीही भाताच्या खाचरात एका गड्याला दंश झाला होता. भर दुपारी बैलगाडीत घालून आणला, तर डोळे मिटत चाललेले आणि जीभ जड. तुम्ही शीर शोधत होतात, ती सापडत नव्हती. "तू बघ," म्हणालात आणि सुई माझ्या हातात दिलीत. मला सापडली. दिवेलागणीला त्यानं डोळे उघडून पाणी मागितलं. तुम्ही बाहेर जाऊन जमलेल्या माणसांना सांगितलंत, "ह्याला बिरूनं वाचवला. मी नव्हे."

माझी छाती फुगली. मला वाटलं, हीच वेळ. माणसं पांगल्यावर मी म्हटलं, "डॉक्टर, तेवढी सही?"

तुम्ही हात धूत होतात. वळला नाहीत. म्हणालात, "तुला इथं काय कमी हाय रं?"

त्यानंतर मी विचारलं नाही. श्रावण संपला. मुदत गेली. आईला मी सांगितलं, डॉक्टरांच्या कामाच्या गडबडीत राहून गेलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्येंच्या मागं लय व्याप." दोन वर्षांनी ती त्याच मागच्या खोलीत गेली. शेवटच्या आठवड्यात ती मला गावाकडं न्यायला सांगत होती आणि तुम्ही म्हणत होतात, हलवू नको, वाटेत जाईल. डॉक्टर म्हणून तुमचं बरोबर होतं. मी तुमचं ऐकलं.

इतकी वर्षं मी मनाला समजावत होतो की तुम्ही विसरलात. खरं तर ते मला कधीच पटायला नको होतं. ज्या माणसाला कुठल्या पोराचे टॉन्सिल कुठल्या सालात काढायला पाठवले हे आठवायचं, जो बाईचं नाव विसरला तरी तिचा रक्तदाबाचा आकडा विसरत नव्हता, तो एक सही विसरेल? पण माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला पुरावा लागत नाही.

तुमच्या तेराव्यानंतर हायस्कूलच्या पटांगणावर शोकसभा झाली. माणूस मावेना. सगळे 'देवमाणूस गेला' म्हणत होते. मग हेडमास्तर उठले आणि माझ्याकडं हात करून म्हणाले, "या बिरूचं बघा. हातात सरकारी दाखला असताना हा दहिवडीला स्वतःचं दुकान टाकून मालक झाला असता. पण डॉक्टरांना सोडून गेला नाही. अशी निष्ठा आता कुठं?" टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेही कुणाला सुचलं नाही. मी मान खाली घालून बसलो. मला वाटलं, मास्तरांचा काहीतरी घोटाळा झालाय.

घोटाळा मास्तरांचा नव्हता. दोन दिवसांनी वहिनी सांगलीच्या विश्रामबागेतल्या तुमच्या घरातून आल्या, तुमचं टेबल आवरायला. आम्ही दोघं खाली बसून कागद बघत होतो. औषधांचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक मी झटकलं आणि त्यातून घडी केलेला फॉर्म पडला. वहिनींनी उचलला. माझं नाव. चौदा वर्षांचा अनुभव. 'सदर इसम अत्यंत विश्वासू असून औषधे तयार करण्यात निष्णात आहे.' खाली तुमची सही, शिक्का आणि तारीख.

तारीख पंचमीच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे तुम्ही हात धूत असताना मी विचारलं तेव्हा सही झालेली होती. तीन हातांवर, पुस्तकात. तुम्ही पाठमोरे उभे राहून मला विचारलंत, तुला काय कमी आहे.

वहिनी कागदाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बिरू, हा तुझ्याकडं नव्हता?"

"न्हाई वहिनी."

"मला म्हणाले होते, दिला म्हणून. म्हणाले, मी दिला, पण तो जायला तयार नाही, म्हणतो तुम्हाला सोडून कुठं जाऊ. सगळ्यांना तेच सांगायचे. डोळ्यांत पाणी यायचं सांगताना." त्यांनी फॉर्मची घडी केली आणि उलगडली. "अरे, मी माझ्या माहेरी सांगत होते तुझं कौतुक."

डॉक्टर, तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण मी शाळेत असताना पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. माझ्या निष्ठेची गोष्ट तुम्ही गावभर केलीत. मीच तेवढा ती ऐकायचा राहिलो होतो.

मी रागाच्या भरात माझा दोष लपवायचो नाही. तुम्हालाही शिराळ्यात अडकवलं गेलं होतं, आणि अडकवणारा मी होतो. वहिनींनी विश्रामबागेत जागा घेतली होती, वर राहायचं आणि खाली दहा खाटांचा दवाखाना काढायचा बेत होता. बँकेचं कर्जही मंजूर झालं होतं. मुलाचं कॉलेज तिथंच. तुमच्याबरोबर शिकलेले सगळे सांगली-मिरजेत मोठे झाले होते. तुम्ही एका दुपारी पडदा बाजूला करून मला विचारलंत, "बिरू, खरं सांग. जाऊ का?" आणि मी म्हटलं, "जाऊ नका डॉक्टर. हितली माणसं कुठं जातील?" माणसांचं नाव घेतलं, पण मनात मीच होतो. तुम्ही गेलात तर माझं काय, एवढंच. तुम्ही म्हणालात, "तू म्हणतोस तर नको." वहिनी तिकडं आणि तुम्ही इकडं, अशी तुमची पुढची वर्षं गेली. शनिवारी संध्याकाळची एस.टी. आणि सोमवारी पहाटेची. छातीत कळ आली तेव्हा वहिनी जवळ नव्हत्या. याचं ओझं मी मरेपर्यंत वाहीन.

पण फरक बघा. मी तुमच्या तोंडावर 'जाऊ नका' म्हणालो. तुम्हाला नाही म्हणता आलं असतं. तुम्हीही मला म्हणायचं होतं. "बिरू, ही घे सही, पण जाऊ नकोस, तुझ्यावाचून माझं चालायचं नाही." एवढं एक वाक्य. सापाचं विष उतरवणाऱ्या माणसाला एवढी भीती कसली वाटली? मी तुमच्या पायाशी बसलो असतो हो. कदाचित नसतोही बसलो. कदाचित आईला घेऊन दुसऱ्या दिवशी दहिवडीची गाडी धरली असती. मी राहिलो असतो की गेलो असतो, हे आता मला कधीच कळणार नाही. तुम्ही माझं दुकान बुडवलंत याचा राग मी एक वेळ गिळेन. पण मी कसा माणूस आहे, हे मला कळायची एकच वेळ आली होती आणि ती तुम्ही पुस्तकात दाबून ठेवलीत.

वहिनींनी दवाखाना मिरजेहून शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टरांना चालवायला दिला आहे. मुलगा चांगला आहे, सगळ्यांना 'अहो जाहो' करतो, म्हणून म्हाताऱ्या घाबरतात. पहिल्या आठवड्यात मी जमेल तेवढी मदत केली. कमीच केली, खरं सांगतो. माझं मन उडालं होतं. विचारलं तर सांगायचो, न विचारलं तर गप्प. इतकी वर्षं तुम्ही तुमच्याजवळ ठेवलंत, आता मी माझ्याजवळ ठेवतो, असा माझा तोरा.

मग गोदाआक्का आल्या. त्यांच्या हृदयाच्या गोळ्या संपल्या होत्या. नव्या डॉक्टरांनी रिकामी बाटली बघून तीच गोळी रोज एक म्हणून दिली. मी पडद्यामागंच होतो. ऐकलं, पण कानावरून गेलं. आठवड्यानं त्यांची सून धावत आली. आक्का ओकून ओकून गळाल्या होत्या, सगळं पिवळं दिसतंय म्हणत होत्या. तुम्ही त्यांना काय बजावलं होतं ते आठवलं. बाजाराच्या दिवशी गोळी नाही, गुरुवारी उपासाला गोळी नाही. आठवड्यातून पाचच. अंगात पाच दिवसांत साठतं ते दोन दिवसांत उतरायला पाहिजे. हे तुमच्या डोक्यात होतं, माझ्या डोक्यात होतं, आणि आक्कांना वाटलं, नवे डॉक्टर शिकलेले आहेत, त्यांनी नियम बदलला असेल.

आक्का वाचल्या. मी त्यांच्या दारात बसून राहिलो. उठून बसल्यावर त्या म्हणाल्या, "तू हुतास की रं तितं. तू का बोलला न्हाईस?"

तुमच्यावरचा सगळा राग त्या क्षणी माझ्याकडं वळला. न लिहिण्याची खोड तुमची होती, पण त्या दिवशी गप्प बसलो होतो मी.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दार उघडायच्या आधी दोन तास मी आणि नवे डॉक्टर समोरासमोर बसलो. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. कुणाला पेनिसिलीन चालत नाही. कुणाचं पहिल्या बाळंतपणात रक्त थांबलं नव्हतं. कोण दारू पितो आणि नाही म्हणतो. दोन नंबर म्हणजे काय, पाच नंबर म्हणजे काय. कितीतरी सकाळी गेल्या. मध्येच ते पेन खाली ठेवून माझ्याकडं बघायचे. तुमची विद्या मी चोरली असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे. ती निम्मी माझी होती.

सगळं संपल्यावर त्यांनी वह्या बांधल्या आणि म्हणाले, "बिरूअण्णा, माझ्याकडं राहाल का? नेमणुकीचं पत्र देतो. आणि राहायचं नसलं तर अठरा वर्षांचा दाखला वहिनींच्या सहीनं आणि माझ्या साक्षीनं आधी देतो, तो घेऊन जा. आत्ताच्या नियमात त्याचा किती उपयोग होईल सांगता येत नाही. पण तुमचा आहे."

त्यांनी दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवले. ठेवून ते बाहेर पेशंटकडं गेले.

सहा दिवस झाले डॉक्टर. दोन्ही कागद माझ्याकडं आहेत. एका मनाला शिराळा सोडवत नाही, दुसरं रोज पहाटे दहिवडीला जाऊन येतं. बायको विचारते, ठरलं का. मी म्हणतो, नाही. नवे डॉक्टर विचारत नाहीत. मला माफ करता आलेलं नाही तुम्हाला, आणि येईल असं वाटत नाही. पण ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं तुम्ही मला घाबरलात, ती एवढीच होती बघा. माणसाच्या हातात कागद द्यायचा, आणि तो काय म्हणतो ते ऐकायला थांबायचं.